आठवणींच्या वहीचे पुस्तक करा, पण पाखडून करा

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यांतून अलीकडे एक शुभ लक्षण दिसू लागले आहे. ज्यांच्या बापाचा लेखणीशी संबंध आंगठा उठविण्यापुरताच होता, ती माणसे आता आपल्या आयुष्याच्या आठवणी वहीत उतरवू लागली आहेत. कोणी पेन्शनीत निघालेला कोतवाल आहे, कोणी वाकस-रंधा चालवून पोरे शिकविणारा सुतार आहे, कोणी तांड्यावरून शिकून नोकरीस लागलेला बंजारा गडी आहे, आणि क्वचित कोणी दिवसभर निंदण करून रात्री चार ओळी लिहिणारी बाई आहे. 'गुरुजी, एवढे तपासून द्या, छापायचे आहे,' असे म्हणून या वह्या गावच्या मास्तराकडे येतात. अशा पुष्कळ वह्या आम्ही वाचल्या आहेत, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा आम्हांस अधिकार आहे असे आम्ही समजतो.

या वह्यांचे पुढे काय होते? दोनच गती. काही वह्या माळ्यावर जातात, लिहिणारा गेला की पोरे त्या रद्दीत घालतात किंवा वाळवी त्यांचा निकाल लावते. दुसऱ्या काही जशाच्या तशा छापल्या जातात. लग्नपत्रिका छापतात तशी तीन आठवड्यांत पाचशे प्रती निघतात, हारतुऱ्यांचा समारंभ होतो, पाहुण्यांना एकेक प्रत मिळते, आणि ती प्रत पाहुण्याच्या कपाटात न उघडता म्हातारी होते. पहिली वही वाळवी खाते, दुसरी कोणी वाचीत नाही. फरक एवढाच, की दुसरीवर घरचे तीस-चाळीस हजार रुपये खर्च झालेले असतात.

आमचे म्हणणे असे की, कच्ची वही म्हणजे पुस्तक नव्हे. खळ्यावर पडलेली रास म्हणजे भाकर नव्हे. तिला वारा द्यावा लागतो, सुपात पाखडावी लागते, खडे वेचावे लागतात, दळावी लागते. शेतकऱ्याला हे सांगण्याची गरज नाही. पण तोच शेतकरी लेखणी हाती धरतो तेव्हा भुशासकट रास जात्यात ओततो. दुसऱ्या बाजूला काही शहाणे असे भेटतात की, भुशाबरोबर दाणेही उडवून देतात आणि हाती गुळगुळीत, परक्या भाषेतले रिकामे सूप ठेवतात. दोन्हींपासून सावध करण्याकरिता हा लेख आहे.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या आठवणींचे एवढे काय? आम्ही विचारतो, आमच्या आजोबा-पणजोबांचा कागदावर मागमूस कोठे आहे? सावकाराच्या खतावणीत ऋणको म्हणून, सात-बाराच्या उताऱ्यावर, कोर्टाच्या जप्तीत. म्हणजे जो आपल्याकडून काही घेणार होता त्याने आपले नाव लिहून ठेवले. आपले आपण काहीच लिहिले नाही. लेखणीचे वतन ज्यांच्याकडे होते त्यांनी त्यांचे लिहिले. त्यांत त्यांचा दोष थोडा, आपला आळस व आपली नागवण जास्त. ही कोंडी फोडण्याचे काम जोतीराव फुल्यांच्या काळापासून चालू आहे. १८५५ साली त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग जातीची चौदा वर्षांची मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदया'त छापला जातो. १८८२ साली आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे 'स्त्री-पुरुष तुलना' लिहितात; पुण्यास त्याच्या पाचशे प्रती छापल्या जातात. मग ते पुस्तक असे नाहीसे झाले की, १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापीपर्यंत सामान्य वाचकाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. छापलेल्या पुस्तकाची ही कथा.

आणि याहून जुनी गोष्ट हवी असेल तर आपल्या वाशीमचीच घ्या. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील सर्वसेन राजाने 'हरिविजय' हे काव्य प्राकृतात, म्हणजे संस्कृत सोडून लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत लिहिले. आज त्याची पोथी कोठेही नाही. दुसऱ्या ग्रंथकारांनी उदाहरणादाखल उतरून घेतलेल्या तुकड्यांवरून तेवढे ते काव्य माहीत आहे. राजाच्या पोथीची ही गत, तर तुमच्या दोनशे पानी वहीची काय कथा? जे लोकांच्या तोंडी व हाती राहते तेच टिकते. आणि वाचण्याजोगे असेल तेच लोकांच्या हाती राहते. म्हणून वही सुधारणे ही चैन नव्हे, ती जगविण्याची खटपट आहे.

आता ती सुधारावी कशी, ते सांगतो.

पहिली गोष्ट, आरंभ. दहांतल्या नऊ वह्या 'माझा जन्म दिनांक १ जुलै रोजी झाला' अशा वाक्याने सुरू होतात. अहो, ही तारीख कोणी दिली? शाळेत नाव घालताना बापाला तारीख सांगता आली नाही म्हणून मास्तराने १ जून नाही तर १ जुलै लिहून टाकली. अर्ध्या गावाचा जन्म एकाच दिवशी झाला काय? ज्या तारखेत आपलेच काही नाही तिच्यापासून आपली कथा का सुरू करता? माय काय सांगत होती ते लिहा. कोणत्या सुगीत, कोणत्या पुरात, कोणत्या रोगाच्या साथीत तुम्ही झालात, आणि तारीख मास्तराने कशी ठरविली. एवढ्या दोन ओळींत एका घराची व एका शाळेची हकीकत आली.

दुसरी गोष्ट, मोठे शब्द. 'माझ्या वडिलांनी अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत अपार कष्ट करून आम्हांस लहानाचे मोठे केले.' हे वाक्य आम्ही इतक्या वह्यांत वाचले आहे की, सगळ्यांचा बाप एकच असावा असा भास होतो. हे खोटे नाही. पण त्यात बाप दिसत नाही. हेच असे लिहा: '७२ च्या दुष्काळात बाप सडकेवर खडी फोडायला जाई. घण सासऱ्याकडचा मागून आणलेला. सांजच्याला हाताचे फोड तो आम्हांला दाखवीत नसे, पण मिलोची लाल भाकर मोडताना त्याची बोटे वळत नसत.' यात 'हलाखी' नाही, 'अपार' नाही, 'कष्ट' हा शब्दही नाही. पण बाप समोर बसला आहे. वही घेऊन बसा आणि 'अपार', 'अत्यंत', 'हलाखी', 'संस्कार', 'प्रतिकूल परिस्थिती' असे शब्द दिसतील तेथे तांबड्या पेन्सिलीची खूण करा. प्रत्येक खुणेपाशी स्वतःला विचारा: त्या दिवशी मी डोळ्यांनी काय पाहिले? काय खाल्ले? मजुरी किती मिळाली? कोण काय बोलले? उत्तर आठवले तर ते लिहा, न आठवले तर ते वाक्य काढून टाका.

तिसरी गोष्ट, भाषा. येथे आमचा पंडितांशी उभा तंटा आहे. वही तपासायला घेतलेला शहाणा 'वावर' खोडून 'शेत' करतो, 'पऱ्हाटी' खोडून 'कपाशीचे झाड' करतो, 'बुढी' काढून 'वृद्ध माता' घालतो. त्याला वाटते आपण उपकार केला. वस्तुतः त्याने त्या बुढीच्या तोंडात दुसऱ्याची जीभ घातली. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करा, वाक्य अडखळत असेल तर सरळ करा, विरामचिन्हे द्या. पण घरातली माणसे जशी बोलली तशीच बोलू द्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस आपल्याच वऱ्हाडात, रिद्धपुरास, चक्रधरस्वामींच्या आठवणींचे 'लीळाचरित्र' रचले गेले. मराठी गद्यातला हा आद्य ग्रंथ म्हणजे आठवणींचेच पुस्तक! त्याच पंथाच्या नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या शिष्याला रोखले, कारण तसे केले तर साध्या म्हाताऱ्या बायांना ते ज्ञान पारखे झाले असते. सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात जे समजत होते ते आज आम्हांला का समजू नये?

त्याच 'लीळाचरित्रा'पासून चौथी गोष्ट शिकावी. म्हाइंभटांनी नुसते आपल्या आठवणीवर भिस्त ठेवून लिहिले नाही. ज्याने ज्याने स्वामींना पाहिले होते त्याच्या त्याच्याकडे ते गेले, विचारले, पडताळून घेतले. आपणही तसे करावे. वहीत लिहिलेला प्रसंग बहिणीला वाचून दाखवा, चुलत्याला दाखवा. बहीण म्हणेल, 'त्या दिवशी तुले शाळेत घातलं, पण माही पाटी चुलीत टाकली, ते नाही लिवलं.' मग ते लिहा. बायांच्या आठवणीत जे असते ते पुरुषांच्या वहीत सहसा नसते: दागिना कोणता मोडला, तो कोणाकडे गेला, पीठ उसने कोणाकडून आणले, बाळंतपणी घरात काय होते. हे सगळे घराच्या इतिहासाचे पक्के पुरावे आहेत.

पाचवी गोष्ट, काय वगळावे. सगळे आयुष्य एका पुस्तकात कोंबू नका. नोकरीतल्या बदल्यांची यादी, मिळालेल्या प्रशस्तिपत्रांच्या तारखा, समारंभातले फोटो, पाहुण्यांची नावे व हुद्दे हे सारे भूस आहे. ते उडू द्या. कागलच्या शेतकरी घरातले आनंद यादव यांनी १९८७ साली 'झोंबी' प्रसिद्ध केले, त्याला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाप शाळेला जाऊ देईना आणि पोरगा शाळा सोडीना, या एका झुंजीभोवती ते पुस्तक उभे आहे; पुढचे आयुष्य त्यांनी पुढच्या पुस्तकांसाठी ठेवले. ऊर्मिला पवार यांच्या २००३ सालच्या 'आयदान' या पुस्तकाचे नावच त्यांच्या आईच्या हातच्या बांबूच्या विणकामावरून आले आहे. ज्यांच्या घरात हाताची कला चालते त्यांनी हे नीट पाहावे. टोपली विणताना कामट्या निवडाव्या लागतात, ओल्या ठेवाव्या लागतात, अंगात येत नाही ती कामटी बाजूला टाकावी लागते. तुमच्या वहीत ताणा कोणता ते शोधा. जमिनीसाठीची झुंज असेल, शिक्षणाची असेल, दारूच्या गुत्त्याशी असेल, एका विहिरीची असेल. त्या ताण्याला जे लागत नाही ते दुसऱ्या वहीत काढून ठेवा. फाडू नका; नातवंडांना उपयोगी पडेल.

आता सहावी गोष्ट, आणि तीच सर्वांत अवघड. आमच्या कुणबी-माळी-तेली बंधूंच्या वह्यांत सावकाराने केलेला अन्याय असतो, पाटबंधाऱ्याच्या साहेबाने केलेला असतो, भटजीने अडविलेला मुहूर्त असतो. तो जरूर लिहावा. पण त्याच घरी वर्षाच्या बोलीने राबणारा सालदार होता. त्याची भाकर वरून टाकीत होते, त्याला पाणी ओंजळीत ओतीत होते, त्याच्या पोराला पोळ्याच्या दिवशीही गोठ्यातच बसवीत होते. ते वहीत कोठे आहे? घरातली सून पहाटे चारला उठून सगळ्यांच्या मागून जेवीत होती, ते कोठे आहे? गावाबाहेरच्या तांड्यावर चोरीचा आळ फुकट घेतला गेला तेव्हा आपल्या घरचे कोणत्या बाजूस उभे होते, ते कोठे आहे? येथे वही एकदम गप्प होते. विचारले की उत्तर येते, 'झाकली मूठ सव्वा लाखाची.' बंधूंनो, ही म्हण ज्याच्या मुठीत काही आहे त्याच्या सोयीची. झाकल्या मुठीनेच आजवर आपल्याला लुबाडले. दुसऱ्याची मूठ उघडा म्हणणाऱ्याने आपली मिटून ठेवू नये. सत्यशोधक म्हणवून घेणाऱ्याने सत्याचा शोध आपल्या उंबरठ्याच्या आतून सुरू करावा.

हे ज्यांनी केले त्यांची पुस्तके टिकली. १९७८ साली 'बलुतं' आले. त्यात दया पवार आपल्याच जुन्या रूपाला, दगडू मारुती पवाराला, समोर बसवून बोलते करतात आणि स्वतःलाही सवलत देत नाहीत. १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले; टोपल्या-कणग्या विणीत गावोगाव फिरणाऱ्या कैकाड्यांचे जिणे त्यात आहे, आणि आपल्याच जातपंचायतीचा जाचही झाकलेला नाही. फलटणच्या बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' तर प्रत्येक घरात वाचले जावे असे आहे. ही बाई दुकान सांभाळून, घरच्यांच्या नजरेआड, वर्षानुवर्षे कागद लपवीत लिहीत राहिली. पुढे ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले व १९८६ साली पुस्तक झाले. वरच्यांनी केलेला जुलूम त्यात आहेच, पण आपल्याच वस्तीतल्या पुरुषांनी व सासवांनी सुनांवर केलेला जुलूमही तेवढ्याच धैर्याने सांगितला आहे. तिने तो भाग गाळला असता तर पुस्तक गोड झाले असते, आणि मेले असते.

मात्र खरे लिहिणे म्हणजे सूड उगविणे नव्हे. भावकीतल्या वाटणीचा राग काढण्याकरिता कोणी पुस्तक छापू नये. हयात माणसाचे नाव घालून आरोप करावयाचा तर हाती पुरावा पाहिजे, नाहीतर कोर्टाची पायरी ठरलेली. आणि पुरावा असला तरी घरातल्या लेकीबाळीच्या अंगावर जे गुदरले ते तिच्या संमतीवाचून चव्हाट्यावर मांडण्याचा हक्क बापालाही नाही, भावालाही नाही. नाव बदला, गाव बदला, पण घडलेली गोष्ट बदलू नका.

वही अशी पाखडून झाली की लगेच छापखाना गाठू नका. जोतीरावांचे उदाहरण घ्या. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली तयार झाला, तेव्हा त्यांनी तो पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविला. बडोद्यास गायकवाड महाराजांपुढेही वाचला. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्या कानावर आधी घातले. 'दीनबंधू'ने त्याचे पहिले दोनच भाग छापले व पुढचे छापण्यास नकार दिला, तरी जोतीरावांनी ग्रंथ मवाळ केला नाही. येथे दोन प्रकारच्या काटछाटीतला भेद स्पष्ट होतो. वाचणाऱ्याला कंटाळा येतो म्हणून कापणे हे शहाणपण. वाचणाऱ्याला राग येईल म्हणून कापणे हा भ्याडपणा.

तेव्हा आठ-दहा माणसे पारावर किंवा वाचनालयात बसवा आणि रोज एक प्रकरण वाचून दाखवा. कोठे माणसे जांभया देतात, कोठे तंबाखू मळायला उठतात, कोठे एकदम गप्प होतात, ते समासात टिपून ठेवा. जांभईची जागा आखूड करा. गप्प होण्याच्या जागेला हात लावू नका. कोणी 'असं नव्हतं, गुरुजी' म्हणून उठला तर त्याला बसवू नका, बोलू द्या.

आता पैशाचे. 'तुमचे पुस्तक आम्ही काढतो, एवढे हजार भरा' म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांतले काही प्रामाणिक आहेत, काही नुसते छापून गठ्ठा दारात टाकणारे आहेत. पैसे देण्यापूर्वी त्यांनी काढलेली दोन पुस्तके मागून वाचा. मुद्रणदोष किती आहेत ते मोजा. संपादन कोण करणार, प्रती किती, विक्री कोण करणार, हक्क कोणाकडे, हे कागदावर घ्या. तोंडी बोलीवर बैल विकत घेत नाही, मग पुस्तक का छापता? बायकोचे डोरले गहाण ठेवून किंवा पेरणीचा पैसा मोडून तर कदापि छापू नका. आता शंभर-दोनशे प्रतीही काढता येतात. त्याआधी दोन-चार प्रकरणे एखाद्या साप्ताहिकाकडे पाठवा. 'जिणं आमुचं' आधी मासिकातूनच वाचकांपुढे आले, हे ध्यानात ठेवा. आणि खेड्यातून काही निघत नाही असे म्हणू नका. मुकुंदराव पाटलांनी १९१० सालापासून 'दीनमित्र' चालविला तो नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून. तरवडी हे काही पुणे-मुंबई नव्हे.

वाचकहो, आमच्या भागातून कारंज्यावरून जाणारी शकुंतला गाडी आता धावत नाही. ज्वारीची वावरे सोयाबीनने व्यापली. तिफण, मोट, घाणा ही नावे शाळेतल्या पोरांना सांगून कळत नाहीत. त्या गाडीच्या टपावर बसलेला, मोट हाकलेला, घाण्याभोवती बैलामागे फिरलेला माणूस आज सत्तरी-ऐंशीत आहे. तो गेला की त्याच्याबरोबर जे जाईल ते कोणत्याही कचेरीच्या दप्तरात सापडणार नाही.

ज्याच्या घरी वही आहे त्याने ती या उन्हाळ्यात, पेरणीची घाई सुरू होण्याआधी, माळ्यावरून काढावी, तांबडी पेन्सिल घ्यावी व पहिल्या पानापासून बसावे. ज्याच्या घरी वही नाही पण म्हातारा-म्हातारी आहे, त्याने मोबाइलात त्यांचा आवाज भरून घ्यावा आणि त्यांच्याच शब्दांत उतरून काढावा. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते, त्यांची गाणी उतरून ठेवली गेली म्हणून १९५२ साली ती महाराष्ट्राला मिळाली. आणि शाळेतल्या आमच्या भावाबहिणींनी 'वेळ नाही' म्हणून आलेली वही परत करू नये. आपल्या हाती लेखणी आली ती कोणाच्या खांद्यावर उभी राहून आली, याचे स्मरण ठेवावे.

सत्यमेव जयते.